मदत हवी आहे : बाबांची ग्रॅच्युइटी

नमस्कार मंडळी. बाबा चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे हेल्पर आहेत, पुढच्या महिन्यात ५८ पूर्ण होतील. दर अकरा महिन्यांनी चार दिवस घरी बसवायचं, मग नवं नेमणुकीचं पत्र. अशी सात गेटपास कार्डं त्यांनी रबर लावून जपून ठेवलीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षाच्या नोकरीनंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, पूर्वी पाच वर्षं लागायची. पण ठेकेदाराकडचा कामगार त्यात बसतो का? ठेकेदार म्हणतो, सेवेत खंड आहे, काही मिळणार नाही. अहो, खंड त्यानेच पाडला ना! सातही वर्षं सलग धरतात का? अर्ज आधी त्याच्याकडे द्यायचा की थेट कामगार आयुक्त कार्यालयात? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा, बाबांना रात्र रात्र झोप नाही.