गरम आणि गार, दोन्हीसाठी एकच टब चालेल का?

प्रश्न
व्यायामानंतर आलटून-पालटून गरम आणि गार पाण्यात बसायचं आहे. जागा पहिल्या मजल्यावरची गॅलरी, १.८ × १.२ मीटर. ३५० लिटरचा हवा भरायचा टब आणि त्याला जोडायचं '३ ते ४० अंश' लिहिलेलं मशीन बघून ठेवलंय. आधी ३९ अंश, मग लगेच १२ अंश, हे या एका टबात जमेल का?

उत्तर १
एका बैठकीत नाही जमणार. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला किंवा गार करायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. ३५० लिटर ३९ वरून १२ वर आणायचं म्हणजे जवळपास ११ किलोवॉट-तास उष्णता बाहेर काढायची. दीड किलोवॉट क्षमतेचा चिलर (पाणी गार करणारं मशीन) त्याला सात तासांहून जास्त घेईल, तेही झाकण घट्ट असेल आणि मशीनवर ऊन नसेल तर.

'३ ते ४०' हा पल्ला खरा असेलही, पण तिथवर पोचायला किती वेळ लागतो हे त्यावर लिहिलेलं नसतं. घेण्याआधी विचारा: गार करण्याची क्षमता किती किलोवॉट, आणि ती बाहेर किती तापमान असताना मोजली? मशीन किती वीज खातं तो आकडा वेगळा. त्यावरून अंदाज बांधू नका.

एक दिवस गरम, एक दिवस गार असं चालत असेल तर एक टब ठीक. आलटून-पालटूनच हवं असेल तर टब गारच ठेवा आणि गरमासाठी शॉवर. शॉवरखाली ३-४ मिनिटं, टबात १ मिनिट, अशा तीन फेऱ्या. सुरुवात १५ अंशांपासून करा, १२ ची घाई नको.

उत्तर २
शॉवर ही तडजोड आहे. पाण्यात बुडाल्यावर चहूबाजूंनी दाब येतो आणि ऊब सगळ्या अंगाला एकदम मिळते. शॉवरखाली अर्धं अंग उघडंच राहतं. दुखणं घोटा-पोटरीपुरतं असेल तर ६० लिटरचे दोन खोल टब शेजारी-शेजारी ठेवा. २८ अंशांचं तेवढं पाणी १५ वर आणायला आठ-साडेआठ किलो बर्फ पुरतो. ३५० लिटरला तोच हिशोब ४८ किलोंवर जातो.

खरी काळजी मात्र गॅलरीची आहे. ३५० किलो पाणी, ८० किलोंचा माणूस आणि टब मिळून साडेचारशेच्या आसपास, तेही जेमतेम एक चौरस मीटरवर. राहत्या घरातला स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोंच्या आसपासचा भार धरून बांधतात. गॅलरी पुढे काढलेली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय पाणी भरूच नका.

उत्तर ३
हवेच्या टबाबद्दल: थंड पाणी असताना गच्च हवा भरली आणि मग पाणी तापवलं, की आतली हवा प्रसरण पावते, त्यात प्लास्टिक मऊ पडलेलं असतं. ताण जोडांवर येतो आणि तिथून हवा झिरपते. म्हणून गरम करण्याआधी थोडी हवा सोडा. नळ्यांचंही तसंच. पंपाकडे पाणी ओढणारी साधी नळी ३९ अंशांना चपटी होते, प्रवाह तुटतो आणि मशीन बंद पडतं. त्या बाजूला तारेची जाड नळी लावा, पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवा, नाहीतर हवा अडकते. फिल्टर दर आठवड्याला धुवा. तो तुंबला की गार करताना पाणी हळू वाहतं, कॉइलमध्येच (मशीनमधल्या ज्या वेटोळ्या नळीत ते गार होतं तिथेच) गोठतं, आणि कॉइल फुटली तर दुरुस्ती मोठी.

कोमट-गरम पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात; लेजिओनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूला हेच तापमान मानवतं. यूव्ही दिव्याने फक्त त्याच्यासमोरून जाणारं पाणी शुद्ध होतं, टबाच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर तसाच राहतो. गरम पाण्यात मुक्त (अजून जंतू मारू शकणारं) क्लोरीन किमान ३ पीपीएम, म्हणजे लिटरला ३ मिलिग्रॅम, आणि पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ७.२ ते ७.८, पाणी तपासायच्या पट्टीने तपासून. मीठ टाकणार असाल तर कॉइल टायटॅनियमची हवी.

वीज: स्वतंत्र लाइन, पक्कं अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच). एक्स्टेंशन बोर्ड नको, आणि पाण्यात सोडायची हीटिंग रॉड तर टबात कधीच नको.

प्रश्नकर्ता
गॅलरी रद्द. खाली मोरीशेजारी फरशीवर जागा आहे. गार टब आणि शॉवर असंच करतो. टब किती खोल हवा?

उत्तर १
बसल्यावर खांदे बुडतील इतका, म्हणजे पाणी साधारण ६० सेंटिमीटर. माणूस बसला की ७०-८० लिटर पाणी वर चढतं, म्हणून ३५० च्या टबात २६०-२७० लिटरच भरा आणि त्या पातळीवर चिकटपट्टी लावा. त्यामुळे गार करायचं पाणीही कमी होतं. झाकण आत फोम असलेलंच घ्या. हृदयविकार, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पहिल्या मिनिटात श्वास अडकल्यासारखा होतो, तेव्हा घरात कोणी जवळ असू द्या. आणि स्नायू वाढवण्यासाठी वजनं उचलत असाल तर त्यानंतर लगेच गार पाण्यात बसू नका, ती वाढ मंदावते. काही तास जाऊ द्या.