स्मृतिभ्रंश झालेले आपले माणूस आणि गाणे: अनुभव

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची घरी किंवा दुरून काळजी घेणाऱ्या सर्वांना येथे लिहिण्याचे आमंत्रण आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे 88 लाख लोकांना हा आजार आहे, त्यामुळे अनुभव पुष्कळ असणार. ते सांगितले मात्र फार कमी जातात. विषय गाण्यापुरताच ठेवू या. गाणे हे औषध आहे असा येथे कोणाचाही दावा नाही. उपलब्ध प्रयोगांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेतर्फे 2018 साली जो आढावा घेतला गेला, त्यात संगीतोपचाराने उदासी आणि एकंदर वागणुकीतला त्रास कमी होत असावा असे दिसले, स्मरणशक्ती किंवा आकलन सुधारल्याचे मात्र फारसे दिसले नाही. म्हणून ‘गाण्याने काही आठवले का’ यापेक्षा ‘तेवढ्या वेळापुरते बरे वाटले का, आणि कोणाला’ याबद्दल लिहावे. जे जमले नाही तेही अवश्य लिहावे.

पुणे, मुलगी

आई निवृत्त शिक्षिका आहे, वय 84. दिवसभर ती शांत असते. तिन्हीसांजा झाल्या की ‘मला घरी जायचंय’ असा धोशा सुरू होतो. हे तुझेच घर आहे असे सांगून उपयोग होत नाही, कारण तिला जायचे असते ते सदाशिव पेठेतल्या वाड्यात, जो आता उभाही नाही. गीतरामायण पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला सुरू झाले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. पुढे वर्षभर दर आठवड्याला नवे गीत, अशी छप्पन्न गीते वाड्यातल्या एकमेव रेडिओभोवती बसून तिने ऐकली आणि वहीत उतरवून घेतली. मला ती ‘बाई, तुम्ही कोणाकडच्या?’ असे विचारते, पण मी एखादी ओळ अर्धी सोडली तर उरलेली अर्धी बिनचूक पुरी करते.

दोन गोष्टी अनुभवाने कळल्या. गाणी अस्वस्थता सुरू झाल्यावर लावली तर ती तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत; दिवे लावण्याच्या अर्धा तास आधीच लावावी लागतात. आणि परीक्षा घ्यायची नाही. एकदा एका पाहुण्याने कौतुकाने ‘आजी, हे कोणी गायलंय सांगा बरं’ असे विचारले, तर तिचा चेहरा फळ्यापुढे उभ्या केलेल्या मुलासारखा झाला आणि ती संध्याकाळ गेली. आता मी तिच्यापुढे मेथीची जुडी ठेवते. ती पाने खुडते, खुडलेली पाने पुन्हा काड्यांच्या ढिगात टाकते, मांडीवर बोटांनी ठेका धरते. भाजीला फार वेळ लागतो एवढेच.

नागपूर, सून

माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत गाण्यापेक्षा आकाशवाणीची सकाळची धून प्रभावी ठरली, शिवरंजनीतली, वॉल्टर कॉफमन यांनी 1930च्या दशकात बांधली असे मानले जाते ती. ती ऐकली की ते आपण होऊन दाढीचे सामान शोधू लागतात, एरवी अंघोळीसाठी तासभर मनधरणी करावी लागते. नणंदेने ती हौसेने संध्याकाळी लावली, तेव्हा ते बाहेर अंधार असताना कचेरीला निघाले आणि त्यांना आवरणे कठीण झाले. तेव्हापासून धून फक्त सकाळी वाजते.

न्यू जर्सी, मुलगा

वडील चाळीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत आहेत, आता शुश्रूषागृहात राहतात. आयुष्यभर इंग्रजीत नोकरी केलेल्या या माणसाची इंग्रजी आधी गेली आणि लहानपणची, पंढरपूरच्या बाजूची मराठी उरली, जी तेथे कोणालाही समजत नाही. सामाईक दालनात दिवसभर अमेरिकन जुनी गाणी चालू असतात. इतर वृद्धांना ती प्रिय आहेत, आणि का नसावीत, ती त्यांच्या तारुण्यातली आहेत. बाबा मात्र त्या आवाजाने कासावीस होत.

आम्ही आधी हिंदी चित्रपटगीते लावून पाहिली, कारण आमच्या आठवणीतले बाबा गाडीत तीच ऐकत. परिणाम बेताचाच झाला. मग आत्याने फोनवर सांगितले की त्यांच्या घरी रोज संध्याकाळी हरिपाठ होत असे. गावातल्या दिंडीने म्हटलेला हरिपाठ तिने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून पाठवला. मागे कोणी खोकते आहे, कुत्रे भुंकते आहे, टाळ पुढेमागे होत आहेत. स्वच्छ व्यावसायिक ध्वनिमुद्रणापेक्षा तेच त्यांना मानवले. ते हातांनी टाळी धरतात, काही अभंगांत शब्दही म्हणतात. कानावर चढवायचे हेडफोन त्यांनी ओढून काढले, म्हणून उशाशी छोटा स्पीकर ठेवला आहे, आणि श्रवणयंत्र चालू आहे ना हे आधी पाहावे असा तक्ता दारामागे लावला आहे, कारण निम्म्या वेळा घोटाळा तेथेच असतो. तेथील एक जमैकन परिचारिका आता त्यांना ‘माऊली’ अशी हाक मारून उठवते. तिला उठवता येते, मला नाही.

सातारा जिल्हा, नात

जुनी गाणी लावा असे सगळे सांगतात. परंतु ज्या बाईच्या घरी रेडिओच नव्हता तिची जुनी गाणी कोणती? माझी आजी कधी शाळेत गेली नाही. तिने जी गाणी म्हटली ती पहाटे जात्यावर. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी अशा लाखभर ओव्या महाराष्ट्रातल्या बायकांकडून गोळा केल्या आहेत. त्या संगणकावर ऐकवल्या तेव्हा आजीने शेजारीण बोलत असावी इतपतच लक्ष दिले.

मग आईने परसातले जाते धुऊन माजघरात आणले, खुंटा ठोकून बसवला आणि मूठभर ज्वारी टाकली. आजी एक पाय लांब करून, एक दुमडून बसली. कोणी सांगितले नव्हते. दोन-तीन फेरे नुसतेच झाले, मग ओवी सुरू झाली, भावाची. माहेरच्या गावाचे नाव, भावाचे नाव, त्याच्या बैलाचे नाव, सगळे जिथल्या तिथे. ओवी जात्याच्या फिरण्याला बांधलेली आहे. हात थांबला की शब्दही थांबतात आणि ‘पुढे काय’ असे विचारले तर तिला काहीच सांगता येत नाही. पीठ भरड पडते, ते आम्ही गाईला घालतो. ओव्या ऐकताना आई रडते, आजी रडत नाही. दिलासा नक्की कोणाला मिळतो, हा प्रश्न मला येथे विचारावासा वाटतो.

निवृत्त डॉक्टर, नाशिक

वरील अनुभवाला एक पुरवणी. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात नव्या घटना साठवणारा मेंदूचा भाग लवकर बाधित होतो. हातांना वळण लागलेल्या क्रिया पुष्कळ काळ टिकतात. जर्मनीतील लाइपझिगच्या संशोधकांनी 2015 साली दाखवले की फार जुन्या ओळखीच्या गाण्यांशी निगडित भाग या आजारात तुलनेने उशिरा झिजतात. त्यामुळे दहा ते तीस या वयात कानावर पडलेले आधी शोधावे. मात्र स्मृतिभ्रंश एकाच प्रकारचा नसतो. मेंदूचा पुढचा भाग बाधित होणाऱ्या प्रकारात गाण्याची आवड अचानक बदलू शकते किंवा एकच गाणे दिवसभर ऐकण्याचा हट्टही सुरू होऊ शकतो.

दादर, पत्नी

आमचा अनुभव उलटा आहे आणि तो लिहिणे मला आवश्यक वाटते. यजमान हौशी नाट्यसंगीत गायक होते, पेटीही उत्तम वाजवत. मुलांनी प्रेमाने त्यांच्याच जुन्या कॅसेट लावल्या, तेव्हा ‘कोण गातोय हा, बंद करा’ म्हणून त्यांनी कप फेकला. सुरांची जाण शाबूत आहे, गळा आणि बोटे राहिली नाहीत, आणि यातले अंतर त्यांना कळते असा माझा तर्क आहे. पेटी त्यांच्या नजरेआड ठेवली आहे. आता केवळ इलेक्ट्रॉनिक तानपुरा मंद लावते. त्यात शब्द नाहीत, चूकही नाही. गाणे मी माझ्यासाठी स्वयंपाकघरात म्हणते, दार लोटून. त्याची गरज मला त्यांच्याइतकीच आहे.

फोंडा, गोवा, मुलगा

वडील चवथीच्या आरत्यांना घुमट वाजवत. मातीचे ते वाद्य पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवत, आता त्यावर बंदी असल्याने बकऱ्याचे कातडे असते, आणि नवीन घुमट हातात दिले की त्यांचा चेहरा वाकडा होतो, म्हणजे पारख अजून आहे. पूर्ण मंडळी, शामेळ हे चर्मवाद्य, कांसाळें म्हणजे झांजा, असा दणदणाट त्यांना आता सोसवत नाही. गेल्या चवथीला त्यांना आतल्या खोलीत न्यावे लागले. मी आणि धाकटा भाऊ दोघेच बसलो तर मात्र ते तालात हळूहळू येतात.

कोल्हापूर, मुलगी

ब्युरोतून येणाऱ्या मावशी बदलत राहतात, म्हणून मी एक कागद लिहून कपाटाच्या दाराला चिकटवला आहे. सकाळी अंघोळीआधी भूपाळ्या, बारीक आवाजात. जेवताना काहीही लावू नये, बाबा ऐकत बसतात, घास तोंडात राहतो आणि ठसका लागतो. मोबाइलवर थेट गाणी लावू नयेत, मध्येच जाहिरात ओरडते आणि ते दचकतात. पेनड्राइव्हवर भरून ठेवलेलीच लावावीत. डोळे भरून आले तर लगेच बंद करू नये, शेजारी बसावे. हात झटकू लागले तर बंद करावे.

आमचे घर कीर्तनकारांचे, लावणी येथे कधी लागली नव्हती. सध्याच्या मावशींनी कागदाच्या तळाशी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे: ‘दुपारच्या गोळ्या देताना लावणी लावा, न कुरकुरता घेतात.’