हिऱ्याचा कट खरंच चांगला आहे का? मदत हवी आहे

भावाच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी गोल हिरा बघतोय. अर्ध्या कॅरेटचा एक खडा घरी सगळ्यांना आवडलाय. जीआयए या हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या सर्टिफिकेटवर कट 'एक्सलंट', पण आकडे खटकतात: क्राउन अँगल (वरच्या भागाचा उतार) 35.5 अंश, पॅव्हिलियन (खालच्या निमुळत्या भागाचा उतार) 41.2 अंश, डेप्थ (रुंदीच्या तुलनेत एकूण उंची) 62.8 टक्के. दोन्ही कोन चढेच, म्हणजे वजन पोटात गेलंय ना? दुकानातल्या स्पॉटलाइटखाली काय, काचसुद्धा झगमगते! खिडकीपाशी नेला तर टेबलाच्या (हिऱ्याच्या वरच्या सपाट पैलूच्या) कडेने काळपट वळं दिसलं. सराफ म्हणतात, "एक्सलंट म्हणजे एक्सलंट, दादा." त्यांच्याकडे आयडियलस्कोप (हिऱ्याच्या खालून निसटणारा प्रकाश दाखवणारं छोटं साधन) नाही. मग प्रकाशाची गळती नुसत्या दहापट भिंगातून कळेल का? की 41 च्या आतला पॅव्हिलियन असलेला खडाच मागवायला सांगू? जाणकारांनी कृपया सांगा, बयाणा अजून दिलेला नाही.