हायब्रिड सेडान घ्यावी का? नवी सिटी ई-एचईव्ही, वापरलेली सिटी, की 2019 ची कॅमरी

कोथरूड_ते_फेज३

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं. आमची डिझेल सेडान आता बारा वर्षांची झालीये, क्लच दुसऱ्यांदा गेला तेव्हाच ठरवलं की हिच्यावर अजून खर्च नको. घरात पाच जण, मी, बायको, आई आणि दोन पोरं, एक अकरा वर्षांचा आणि एक सहाची. रोज कोथरूड ते हिंजवडी फेज ३, जाऊन येऊन चाळीसेक किमी, त्यातले सकाळचे शेवटचे पाच-सहा किमी नुसतं ब्रेक सोड ब्रेक दाब. महिन्यातून एकदा गावी, पाटणजवळ. म्हणजे वर्षाला 14-15 हजार किमी होतात.

एसयूव्ही का नाही असं सगळेच विचारतात म्हणून आधीच सांगतो, धाकटीला गाडी लागते. मेव्हण्याच्या उंच गाडीत खंबाटकीच्या आधीच उलटी होते, आमच्या सेडानमध्ये पाटणपर्यंत गाणी म्हणत जाते. त्यामुळे सेडानच.

बजेट ऑन रोड 22, फारच पटलं तर 23 लाख. डोळ्यासमोर तीन पर्याय आहेत. होंडाची नवी सिटी ई-एचईव्ही (हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही), जी ऑन रोड 23 च्या आसपास जातेय. दुसरं म्हणजे 2022 ची सिटी ई-एचईव्ही, एक मालक, 41 हजार किमी, 14.5 लाख सांगतोय. आणि तिसरं, ज्याने झोप उडवलीये, 2019 ची टोयोटा कॅमरी हायब्रिड, 78 हजार किमी, 23 लाख. नवी असताना 36.95 लाख एक्स-शोरूम होती ती! एका डीलरकडे मारुतीची "सियाझ हायब्रिड"पण दाखवली, पाच लाखात, पण ती स्वस्त का आहे ते कळेना.

बॅटरी गेली तर काय, हीच मुख्य भीती. आणि मायलेज खरंच पडतं का रोजच्या ट्रॅफिकमध्ये? ज्यांनी स्वतः वापरलीये त्यांनी सांगा प्लीज.

घाटवाट

दादा, माझ्याकडे सिटी ई-एचईव्ही आहे, जुलै 2022 ची, आता 52 हजार झालेत. ठाण्यात राहतो आणि कामासाठी अंधेरीला, त्यामुळे ट्रॅफिकचं मला नका सांगू.

आधी ती चालते कशी ते समजून घ्या, कारण टेस्ट ड्राइव्हला सेल्सवाला हे धड सांगत नाही. शहरात चाकं फिरवायचं काम जवळजवळ सगळं मोटरचं. 1.5 लिटरचं इंजिन असतं, पण ते बहुतेक वेळ जनरेटर फिरवून वीज तयार करतं, ती वीज मोटरला जाते आणि उरली तर बॅटरीत. हायवेला एका लयीत चालू लागलात की एक क्लच लागतो आणि मग इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. नेहमीचा गिअरबॉक्स असा नाहीच. मोटरचा टॉर्क, म्हणजे खेचायची ताकद, 253 एनएम आहे त्यामुळे सिग्नलला गाडी गुपचूप आणि झटकन निघते, पहिल्या आठवड्यात बायको म्हणाली गाडी चालूच झाली नाही वाटतं.

मायलेज: कागदावर लिटरला 26.5 किमी होतं, 2023 च्या गाड्यांना 27.13 लिहिलं होतं. मला ठाणे-अंधेरी एसी लावून 20-21 मिळतं, पावसाळ्यात 22 पण दिसलंय. एप्रिल-मे मध्ये 18 वर येतं कारण एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, इंजिन बंद असलं तरी गार हवा येत राहते हे सुख आहे पण ती वीज बॅटरीतूनच जाते ना, मग उभ्या गाडीत इंजिन दर थोड्या वेळाने सुरू होतं. हायवेला 100-110 ने गेलात तर 19-20. म्हणजे लोकांना वाटतं तसं उलटं, ही गाडी शहरात जास्त देते. तुमचं फेज ३ चं रडगाणं हेच तिचं खरं काम आहे.

आता घाट. तुम्ही गावी जाताना खंबाटकी चढणार. पाच माणसं आणि सामान असलं की बॅटरी चढावर लवकर उतरते आणि मग इंजिन एकाच वरच्या सुरात ओरडत राहतं, गाडीचा वेग आणि इंजिनचा आवाज यांचा मेळ लागत नाही. ताकद कमी पडत नाही पण कानाला सवय नसते. आणि उतरताना याच्या उलट. आंबेनळी घाटात पोलादपूरकडे उतरत होतो, पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तरी इंजिन अचानक जोरात फिरायला लागलं. मी गाडी कडेला घेतली. नंतर कळलं की बॅटरी काठोकाठ भरली की उतारावर तयार होणारी जास्तीची वीज खर्च करायला गाडीच इंजिन फिरवते, तोच तिचा इंजिन ब्रेक. बिघाड नाही, तुम्हालाही होईल, घाबरू नका.

स्टीअरिंगमागच्या पॅडलने मोटरचा ब्रेक कमी-जास्त करता येतो. धाकटीला गाडी लागते म्हणालात तर तो सगळ्यात कमीवर ठेवा. माझ्या भाचीला जास्तवर ठेवला की पंधरा मिनिटांत मळमळायला लागतं, कारण पाय उचलला की गाडी हलकीशी पुढे ओढल्यासारखी दबते आणि हे ट्रॅफिकमध्ये शंभर वेळा होतं.

साखरपेठ

डिकी बघितलीत का? साध्या सिटीची 506 लिटर, हायब्रिडची 306. बॅटरी मागच्या सीटमागे बसते. स्टेपनीमुळे तळही वर आलाय. गावाहून तांदळाचं पोतं आणता की नाही? आम्ही ह्याच एका कारणासाठी पेट्रोल घेतली.

पाना_तेरा

गेली सतरा वर्षं कोल्हापुरात गॅरेज आहे, आता बऱ्यापैकी काम वापरलेल्या गाड्या तपासून द्यायचं करतो. तुमचे तिन्ही-चारही पर्याय घेऊन बोलतो.

सियाझ लगेच सोडा. गाडी चांगली आहे, पण ती तुम्ही म्हणताय तसली हायब्रिड नाही. तिच्यावर स्मार्ट हायब्रिड लिहिलेलं असतं, म्हणजे एक मोठा स्टार्टर-जनरेटर सिग्नलला इंजिन बंद-चालू करतो आणि निघताना थोडा हातभार लावतो. नुसत्या विजेवर ती गाडी एक फूट पण सरकत नाही. डीलर लोक हायब्रिड शब्द मोठ्या अक्षरात लिहून वर पैसे मागतात.

आता 2022 ची सिटी. बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किमी वॉरंटी आहे, जे आधी होईल ते. म्हणजे 2030 पर्यंत आहे, पण सगळ्या सर्व्हिस वेळेवर झाल्यात का आणि वायरिंगला बाहेर कोणी हात लावलाय का हे बघायला लागतं. चॅसी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जावा, पूर्ण हिस्टरी मागा, आणि वॉरंटी नवीन मालकाच्या नावावर चालू राहील हे लेखी घ्या. तोंडी नको.

गाडी बघायला सकाळी लवकर जावा, आणि मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत दुसऱ्या दिवशी या. थंड गाडी रेडी करा (बटण दाबून चालू करा, इंजिन लगेच लागेलच असं नाही), एसी फुल्ल लावा आणि वीस मिनिटं जागेवर उभी ठेवून स्क्रीनवरचं बॅटरीचं चित्र बघत बसा. ठीक बॅटरी हळूहळू उतरते, इंजिन लागतं, हळूहळू भरते, इंजिन बंद होतं. दोन मिनिटांत धाडकन खाली आणि दोन मिनिटांत धाडकन वर असं व्हायला लागलं तर बॅटरी थकलीये. मग स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं तपासणी यंत्र) लावून बॅटरीतल्या सेल गटांच्या व्होल्टेजमधला फरक बघायचा. हे काम ज्याच्याकडे त्या गाडीचा स्कॅनर आहे त्याच्याकडूनच करा.

ब्रेक डिस्क बघा. हायब्रिडमध्ये मोटरच गाडी हळू करते म्हणून पॅड खूप टिकतात, पण डिस्क कमी घासली जाते आणि गाडी उभी राहिली की गंज धरून ठेवते. 41 हजार किमीला पॅड संपलेले दिसले तर मीटरवर शंका घ्या.

कॅमरी. 2019 ची गाडी म्हणजे आमच्या भागात पहिला प्रश्न पुराचा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोन्ही वेळा कोल्हापूर-सांगलीत गाड्या बुडाल्या, चिपळूणला 2021 ला. तुमच्या पुण्यात पण जुलै 2024 ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं होतं. अशा गाड्या धुऊन पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकतात. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. धुणाऱ्याचा हात तिथपर्यंत जात नाही, गाळाची रेघ तिथे सापडते. सीटचे रूळ, गालिच्याखालचा पत्रा, स्टेपनीचा खड्डा, आणि मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबल दिसतील त्यांच्या टोकांना हिरवट थर. साध्या गाडीला पाणी लागलं तर भागतं कधी कधी, हायब्रिडला लागलं तर सोडून द्या, स्वस्त मिळाली तरी.

गेल्या वर्षी एकासाठी अशीच एक मोठी हायब्रिड बघायला गेलो होतो. बाहेरून काचेसारखी. मागच्या सीटपाशी बॅटरीला हवा घ्यायची जाळी असते, ती काढली तर आत चिवड्यातल्या पोह्यांचा चुरा, केस आणि धूळ यांची गादीच झाली होती. बॅटरी केबिनमधली हवा ओढून गार होते, ही जाळी तुंबली की पंखा जोरात फिरतो, बॅटरी तापते आणि आयुष्य कमी होतं. मालक बिचारा सरळ माणूस, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. जाळी साफ केली, आठवडाभराने परत स्कॅन केलं, एक गट कमकुवत निघाला. तेवढे पैसे कमी करून घेतली.

ह्या कॅमरीची बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड जातीची, दणकट असते, पण एवढी जुनी गाडी म्हणजे वॉरंटी संपलेली किंवा शेवटाला आलेली असू शकते, पुस्तिका उघडून तारीख बघा. पुढे बॅटरी तुमच्या खिशातून. शिवाय टायर, विमा, एक हेडलाइट, सगळं 37 लाखाच्या गाडीच्या भावात. गाडी सेकंडहँड झाली म्हणून पार्ट सेकंडहँड भावात येत नाहीत. गाडी दिल्लीची असेल तर एनओसी आणि महाराष्ट्राचा टॅक्स परत, तो हिशोब वेगळा.

हिशोबी_माणूस

मी फक्त आकडे देतो. ट्रॅफिकमध्ये साधी पेट्रोल सिटी, सीव्हीटी म्हणजे ऑटोमॅटिक, लिटरला 11 किमी देते धरा, हायब्रिड 19. 15 हजार किमीला एक 1364 लिटर पिणार, दुसरी 789. फरक 575 लिटर, लिटर 104 रुपये धरला तर जवळजवळ 60 हजार वर्षाला. दोन्ही नव्या गाड्यांच्या ऑन रोड किमतीत चारेक लाखांचा फरक पडतो, कारण आपल्याकडे हायब्रिडला पेट्रोलचाच रोड टॅक्स लागतो, इलेक्ट्रिकसारखी सूट नाही. उत्तर प्रदेशने जुलै 2024 ला नोंदणीत सूट दिली, महाराष्ट्रात तसं नाही. म्हणजे पैसे वसूल व्हायला साडेसहा-सात वर्षं, आणि हे तुमचं सगळं रनिंग ट्रॅफिकमधलं धरून. गावची फेरी हायवेची, तिथे फरक कमी, म्हणजे अजून वर्षभर धरा. ज्याचं रनिंग 8 हजार आहे त्याला बारा वर्षं लागतील, त्याने हा विचारच करू नये.

पण 14.5 लाखाच्या वापरलेल्या हायब्रिडला हा हिशोब लागू नाही! ती नव्या साध्या सिटीपेक्षा स्वस्त पडतेय आणि पेट्रोल पण वाचवतेय. गाडी साफ निघाली तर मी दुसरीकडे बघणार नाही.

जर्सीवाली_मावशी

न्यू जर्सीत आमची 2018 ची कॅमरी हायब्रिड आहे, एक लाख दहा हजार मैल झाले, हायब्रिडची बॅटरी अजून मूळचीच. इथे 2025 च्या मॉडेलपासून कॅमरी फक्त हायब्रिडच मिळते, तेव्हा तंत्राबद्दल धास्ती बाळगू नका. एकच सांगते, डिसेंबरात महिनाभर सांगलीला आलो होतो, परत गेलो तर गाडी रेडीच होईना. मोठी बॅटरी ठणठणीत, छोटी 12 व्होल्टची उतरलेली. ती उतरली की संगणक जागा होत नाही आणि मोठी बॅटरी असून उपयोग नसतो. जास्त दिवस बाहेर जाणार असाल तर शेजाऱ्यांना किल्ली देऊन जा, आठवड्यातून एकदा अर्धा तास रेडी करून ठेवायला सांगा.

आणि आईंना घेऊन जा गाडी बघायला. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे सेडानमधून उठताना आधार लागतो. आपण स्टीअरिंग बघतो, त्यांना बसता उठता येतं का ते बघत नाही.

कोथरूड_ते_फेज३

सगळ्यांचे मनापासून आभार. काल 2022 ची सिटी बघून आलो, सगळं लिहितो.

सकाळी सातला गेलो, बॉनेट गार. वीस मिनिटं उभी ठेवली, इंजिन चार वेळा लागलं, बॅटरी हळू उतरत हळू भरत होती. पाचही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढले, स्वच्छ. सर्व्हिस हिस्टरीत एक सर्व्हिस पाच महिने उशिरा आहे, त्यामुळे वॉरंटीचं लेखी मागितलंय, सोमवारी देतो म्हणाले. तोवर टोकन देणार नाही.

आईला नेलं होतं. पुढच्या सीटवर ती उंची वाढवून सहज बसली-उठली, मागे मात्र दाराच्या खांबाला धरावं लागलं. म्हणजे गावी जाताना आई पुढे, बायको पोरांबरोबर मागे. आई म्हणाली हे आधीच ठरवायला हवं होतं.

डिकीत घरून नेलेली मोठी बॅग, दोन छोट्या आणि रिकामी आंब्याची पेटी ठेवून बघितली. पेटी मावली, एक छोटी बॅग बाहेर राहिली. पोतं आणलं तर बॅगा पायात. यावर अजून घरात चर्चा चालू आहे.

धाकटीला चांदणी चौकातून बावधनला घेऊन गेलो आणि आलो, पॅडल सगळ्यात कमीवर. काही झालं नाही. परत येताना मुद्दाम जास्तवर ठेवला तर दहा मिनिटांत तिने खिडकी उघडायला सांगितली, लगेच कमी केला. घाटवाट, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी गाडीला दोष देऊन परत आलो असतो.

कॅमरीचा विचार सोडला. चालवली, मागची सीट म्हणजे दिवाणखाना आहे, पण विमा आणि चार टायरचा भाव ऐकून बायकोने नुसतं माझ्याकडे बघितलं.

पाना_तेरा, मागच्या दोन डिस्कच्या कडेला बोटभर गंज आहे, आतल्या भागात नाही, मालक म्हणतो पावसाळ्यात गाडी उघड्यावर होती. फोटो टाकलाय. हे चालेल का?

पाना_तेरा

फोटो बघितला. कडेचा गंज पॅड लागत नाही तिथला आहे, चालतंय. पॅड जिथे घासतो तो पट्टा गुळगुळीत दिसतोय. तरी उचलून चाक हाताने फिरवून बघा, मागचा पॅड अडकलेला नको. आणि सोमवारी लेखी मिळालं नाही तर मंगळवारी स्वतः सर्व्हिस सेंटरला जावा, मालकावर ठेवू नका.