विषय: रेझनिक आणि शेख्टर या आडनावांविषयी

स.न.वि.वि.
आमच्या शेजारी रेझनिक नावाचे ज्यू कुटुंब राहते आणि मुलीच्या शिक्षिकेचे आडनाव शेख्टर आहे. दोघेही सांगतात की दोन्ही आडनावांचा अर्थ एकच. उच्चारात काडीचेही साम्य नसताना हे कसे? ही आडनावे इथे वरचेवर भेटतात, तेव्हा मूळ घराणे एकच असेल का? काका, आपला या विषयाचा अभ्यास आहे, म्हणून विचारते.

---

ताई, सप्रेम नमस्कार.
त्यांचे म्हणणे खरे आहे. दोन्ही आडनावे 'शोखेत'ची, म्हणजे धर्मनियमांप्रमाणे जनावर कापणाऱ्याची आहेत. यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, त्या क्रियेला 'शेख्टन' म्हणतात, त्यावरून शेख्टर. स्लाव्ह भाषांत 'कापणारा' तो रेझनिक. पूर्व युरोपातल्या बहुतेक ज्यूंना कायमची आडनावे नव्हती. ती ऑस्ट्रियात सम्राट दुसऱ्या जोसेफच्या १७८७च्या हुकुमाने आणि रशियात १८०४च्या कायद्याने सक्तीची झाली, तेव्हा धंदा एकच असला तरी प्रांत आणि भाषा बदलली की दप्तरात नाव वेगळे चढे. त्यामुळे ऑस्ट्रियाच्या ताब्यातले गॅलिसिया, बुकोविना हे प्रांत आणि रुमानिया यांकडे शेख्टर अधिक, तर युक्रेन, बेलारूसकडे रेझनिक. 'शुब' हे तिसरे आडनावही त्यातलेच : 'शोखेत उ-बोदेक', म्हणजे कापणारा आणि तपासणारा, यांची ती आद्याक्षरे.

शोखेतला खाटीक समजू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. मांस विकणारा निराळा. शोखेत धर्मशास्त्र शिकून परवानगी मिळवलेला असतो. त्याची सुरी लांब, सरळ आणि टोक नसलेली असते; कापण्यापूर्वी तो तिची धार बोटाच्या मांसल भागावरून आणि नखावरून हळूहळू फिरवून पाहतो. नखाला अडेल एवढी बारीक खाच लागली तरी ती सुरी चालत नाही. नंतर तो जनावराची फुप्फुसेही तपासतो. कैरोच्या गनीझातली, म्हणजे सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या) जुन्या कागदपत्रांच्या कोठीतली हस्तलिखिते केंब्रिजला नेणारे सॉलोमन शेख्टर १८४७ साली रुमानियातल्या फोक्शानी गावी जन्मले. त्यांचे वडील खरोखरच शोखेत होते.

घराण्याचे म्हणाल, तर आपल्याकडे दोन कुलकर्णी भेटले म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत, कारण गावोगावी कुलकर्णी होता. तसेच हे. लहानशा वस्तीलाही शोखेतवाचून चालत नसे, म्हणून हे आडनाव ठिकठिकाणी स्वतंत्रपणे पडले आणि म्हणूनच ते इतके आढळते.

---

काकांच्या पत्राला एक जोड देते, कारण माझे माहेर रायगडचे आहे. आमच्याकडच्या बेने इस्राएलांचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा, पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. धंद्याचे असे ठसठशीत नाव असूनही ते आडनाव झाले नाही. आडनावे पडली ती कोकणी रिवाजाने, गावावरून : पेणकर, रोहेकर, नवगावकर. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल एझिकेल हेही दिवेकरच.