दूरचा डेटाबेस: थेट टीएलएस पुरे, की टनेल हवाच?

चौथा_थर
वेब अ‍ॅप एका सर्व्हरवर, पोस्टग्रेस (डेटाबेस) दुसऱ्यावर, मधे उघडं इंटरनेट. अशा वेळी 'एसएसएच टनेल टाका' (म्हणजे जोडणी एसएसएचच्या कूटबद्ध वाटेतून न्या) असा सल्ला डोळे मिटून दिला जातो. मला तो पटत नाही. पोस्टग्रेसचं स्वतःचं टीएलएस (जोडणी कूटबद्ध करणारी आणि समोरच्याची ओळख तपासू शकणारी पद्धत, जुनं नाव एसएसएल) नीट लावलं आणि त्याचं ५४३२ पोर्ट फायरवॉलमध्ये फक्त अ‍ॅपच्या आयपीला उघडं ठेवलं, तर टनेल म्हणजे बंद पडू शकणारी आणखी एक वस्तू.

नीट म्हणजे काय? पीजी-एचबीए फाइलमधल्या (कुणाला कुठून आत घ्यायचं ते सांगणाऱ्या) बाहेरच्या पत्त्यांच्या 'होस्ट' ओळी काढून 'होस्टएसएसएल' (फक्त टीएलएस जोडण्यांसाठी) लिहायच्या, आयपीपुढे /३२ (म्हणजे तो एकच पत्ता), पासवर्ड तपासायची पद्धत स्क्रॅम-एसएचए-२५६. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळलेली पहिलीच ओळ लागू होते. वर कुठे ०.०.०.०/० (कुठलाही पत्ता) ची 'होस्ट' ओळ राहिली असेल, जी साध्या जोडणीलाही चालते, तर खालच्या होस्टएसएसएल ओळी शोभेच्या. अ‍ॅपच्या बाजूला एसएसएलमोड (टीएलएसबाबत किती कडक राहायचं ती सेटिंग) 'व्हेरिफाय-फुल', म्हणजे सर्व्हरचं सर्टिफिकेट आणि त्यावरचं नाव दोन्ही तपासायचं.

रात्रपाळी
कागदावर बरोबर आहे. पण व्हेरिफाय-फुल लावतो कोण? काहीच लिहिलं नाही तर एसएसएलमोड 'प्रिफर' असतो, म्हणजे टीएलएस जमलं तर जमलं, नाहीतर साध्या मजकुरात जोडणी. व्हेरिफाय-फुल लावलं की 'रूट सर्टिफिकेटची फाइल नाही' अशी एरर येते आणि मंडळी 'रिक्वायर' लिहून मोकळी होतात. रूट सर्टिफिकेट (ज्याच्या आधारे समोरचं सर्टिफिकेट खरं ठरतं) नसेल तर रिक्वायर समोरच्याचं सर्टिफिकेट तपासतच नाही. मधे कुणी तोतया सर्व्हर उभा केला, तर त्याच्याशी अगदी सुरक्षितपणे बोलणं होतं! नोडमधलं (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमधलं) 'रिजेक्टअनऑथोराइज्ड: फॉल्स', म्हणजे सर्टिफिकेट न पटलं तरी चालेल, हे त्याचंच भावंड.

शिवाय पोर्ट उघडं म्हणजे पासवर्ड विचारण्याआधीचा कोडही जगासमोर. २०१३ मध्ये पोस्टग्रेसमध्ये असा दोष सापडला होता की डेटाबेसचं नाव '-' ने सुरू करून जोडणी मागितली, तर लॉगिन न करताही सर्व्हरच्या फाइली खराब करता येत. २०१२ मध्ये मायएसक्यूएलच्या काही बिल्डमध्ये चुकीचा पासवर्ड साधारण २५६ प्रयत्नांत एकदा चालून जाई. तिथे टीएलएस काय करणार?

चौथा_थर
म्हणूनच फायरवॉल म्हटलं. पोर्ट जगाला उघडं ठेवा असं मी कुठे म्हणतोय?

आणि एसएसएच टनेलचं एक दुखणं कुणी बोलत नाही. टनेलमधून आलेली प्रत्येक जोडणी पोस्टग्रेसला १२७.०.०.१ वरून आलेली दिसते. त्या पत्त्याला पीजी-एचबीएमध्ये 'ट्रस्ट' असेल (सोर्सवरून बांधलेल्या पोस्टग्रेसमध्ये बहुधा असतंच), तर टनेलच्या टोकाला पोहोचणारा कुणीही पासवर्डाविना आत. वर सगळ्या जोडण्या एकाच टीसीपी जोडणीतून जातात. एक पॅकेट हरवलं की पूलमधल्या (उघड्या ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यातल्या) सगळ्याच क्वेऱ्या खोळंबतात.

गाठ_सोडव
ट्रस्टचा मुद्दा मान्य, पण तो टनेलचा दोष नाही, फाइल न वाचल्याचा आहे. टनेल टाकायचाच तर: एसएसएचला 'एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर' यस द्या. ते नसेल तर पोर्ट न मिळताही प्रक्रिया चालू राहते आणि सिस्टमडीला (सेवा चालू ठेवणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामला) वाटतं सगळं आलबेल. 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल' १५ आणि काउंट ३ (दर १५ सेकंदांनी विचारपूस, तीनदा उत्तर नाही तर जोडणी तोडायची), म्हणजे मेलेली जोडणी ४५ सेकंदांत कळते. समोरच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये त्या किल्लीपुढे 'रिस्ट्रिक्ट', 'पोर्ट-फॉरवर्डिंग' आणि 'परमिटओपन' १२७.०.०.१:५४३२. नाहीतर डेटाबेससाठी दिलेली किल्ली शेलही (सर्व्हरवर आज्ञा चालवायची जागा) उघडते.

पण मला विचाराल तर वायरगार्ड, म्हणजे दोन मशिनमधलं कूटबद्ध खासगी नेटवर्क (व्हीपीएन). यूडीपीवर (आधी जोडणी न बांधता पॅकेट पाठवणाऱ्या पद्धतीवर) चालतं, ओळखीची किल्ली नसलेल्या पॅकेटला उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. पोस्टग्रेसचं 'लिसन-अ‍ॅड्रेसेस' (कोणत्या पत्त्यावर जोडण्या घ्यायच्या) फक्त वायरगार्डच्या आतल्या आयपीवर ठेवा (हे बदललं की रीस्टार्ट लागतो, नुसत्या रीलोडने भागत नाही). फसतं ते एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारावर. लहान क्वेऱ्या झटपट येतात आणि मोठा निकाल मागितला की जोडणी लटकते, तेव्हा १४२० वरून १२८० करून बघा.

शून्य_अंश
फायरवॉलवर विसंबणाऱ्यांसाठी: डेटाबेस डॉकरमध्ये (वेगळ्या कंटेनरमध्ये) चालवून पोर्ट '५४३२:५४३२' असं उघडलं असेल, तर यूएफडब्ल्यूचे (लिनक्सवरच्या सोप्या फायरवॉलचे) नियम त्याला लागत नाहीत. डॉकर स्वतःचे आयपीटेबल्स (लिनक्सचं मूळ पॅकेट-गाळणं) नियम लावतं आणि पॅकेट यूएफडब्ल्यूच्या आधीच वळतं. '१२७.०.०.१:५४३२:५४३२' लिहा, आणि तिसऱ्याच मशिनवरून पोर्ट तपासा.

रात्रपाळी
बघा, फायरवॉलचा भरवसा गेला की उरलं काय? शिवाय अ‍ॅप सर्व्हरलेसवर (स्वतःचा कायमचा सर्व्हर नसलेल्या क्लाउड सेवेवर) असेल तर बाहेर जाणारा आयपी बदलता, किंवा शेजाऱ्यांसोबत सामायिक. /३२ कुणाची लिहिणार?

चौथा_थर
सर्व्हरलेसला वायरगार्ड तरी कुठे लावणार, हेही सांगा. तिथे व्हेरिफाय-फुल आणि क्लायंट सर्टिफिकेट (अ‍ॅपनेही स्वतःचं सर्टिफिकेट दाखवणं) हाच मार्ग. पीजी-एचबीएच्या त्याच ओळीत 'क्लायंटसर्ट=व्हेरिफाय-फुल' जोडलं की नुसता चोरलेला पासवर्ड कामाचा नाही.

बाकी टीएलएसला हळू म्हणणाऱ्यांनी फेऱ्या (पॅकेट जाऊन उत्तर येण्याच्या) मोजाव्यात. टीसीपी १, एसएसएलची विनंती १, टीएलएस १.३ ची १, स्टार्टअप १, स्क्रॅमच्या २. एका फेरीला ४० मिलिसेकंद धरले तर २४० मिलिसेकंद, त्यात टीएलएसच्या वाट्याचे ८०. हा खर्च दर जोडणीला एकदा, दर क्वेरीला नाही. पूल ठेवा. मधे पीजीबाउन्सर (पोस्टग्रेसच्या जोडण्यांचा पूल सांभाळणारा प्रोग्राम) असेल तर त्याच्या सर्व्हरकडच्या टीएलएसलाही वेगळं व्हेरिफाय-फुल सांगावं लागतं, अ‍ॅपचं त्याला लागू होत नाही.

गाठ_सोडव
सर्व्हरलेसपुरतं मान्य. दोन स्थिर सर्व्हर असतील तर मी वायरगार्डच्या आत टीएलएसही ठेवीन. पोस्टग्रेसच्या 'पीजी-स्टॅट-एसएसएल' व्ह्यूमध्ये (कोणती जोडणी टीएलएसवर आहे त्या यादीत) अ‍ॅपच्या जोडणीच्या ओळीत एसएसएल फॉल्स दिसलं, तर डेटाबेसच्या हिशेबी ती जोडणी उघडीच आहे, बाहेरून कितीही गुंडाळा.