मदत हवी आहे: इंग्रजीच्या तासाला न बोलणारी चार वर्षांची मुले आणि पालकांसाठीचा खुला तास

नमस्कार.

गेली दोन वर्षे मी जपानमधील एका खासगी योचिएनमध्ये, म्हणजे तिथल्या बालवाडीत, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवते आहे. माझी मातृभाषा मराठी असून जपानी भाषा मला कामापुरती येते. सहा आठवड्यांनी माझ्या वर्गात पालकांसाठी खुला तास होणार आहे आणि त्याआधी मला एक निर्णय घ्यायचा आहे. ज्यांनी घरी किंवा शाळेत, कोणत्याही देशात, इतक्या लहान मुलांना परकी भाषा शिकवली असेल, त्यांचा सल्ला मला हवा आहे.

चार वर्षांच्या गटात २८ मुले आहेत. तिथले शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी २५ मिनिटे, एवढाच वेळ इंग्रजीला मिळतो, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी वगळली तर या मुलांच्या कानांवर आजवर सुमारे २० तास इंग्रजी पडले आहे. बहुतेक मुले गाण्यांत आणि खेळांत आवाज मिसळतात, पण सात-आठ मुले अजिबात बोलत नाहीत. ती कंटाळलेली किंवा घाबरलेली दिसत नाहीत. लाल रंगाच्या वस्तूला हात लावा असे इंग्रजीत सांगितले की सर्वांआधी खुंटीवरच्या लाल टोपीपर्यंत धावत जाणारा मुलगा त्यांच्यापैकीच आहे, मात्र त्याच्या तोंडून इंग्रजीचा एकही शब्द मी ऐकलेला नाही. मागच्या महिन्यात त्याच्या आईने सांगितले की रात्री टबात बसल्यावर तो ‘वन’पासून ‘टेन’पर्यंत मोजतो आणि दहा पूर्ण झाल्याखेरीज बाहेर येत नाही. जे तो घरी बोलतो, ते माझ्यासमोर का बोलत नाही, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

खुल्या तासाला प्रत्येक मुलाने पालकांसमोर उभे राहावे आणि ‘हाउ आर यू?’ या प्रश्नाला ‘आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?’ असे उत्तर द्यावे, अशी मुख्याध्यापिकांची इच्छा आहे. त्यांची बाजू मला समजते. जपानच्या प्राथमिक शाळांत २०२० पासून तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तासिका इंग्रजीची तोंडओळख असते, तर पाचवी-सहावीला हा ७० तासिकांचा, गुण-मूल्यांकन असलेला विषय झाला आहे, त्यामुळे आपले मूल मागे पडू नये ही पालकांची काळजी खरी आहे. त्यांनी फी भरलेली असते आणि मुलाने काहीतरी बोललेले त्यांना ऐकायचे असते.

तरीही माझे मन तयार होत नाही, कारण मागच्या वर्षी मी नेमके हेच करून पाहिले होते. सरावाच्या वेळी एकेका मुलाला उभे केले, तेव्हा घोळक्यात मोकळेपणाने गाणारी एक मुलगी माझ्याकडे पाहत नुसती उभी राहिली. मी तिला तीनदा विचारले. त्यानंतर जवळजवळ महिनाभर ती गाण्यांतही गप्प राहिली. तो प्रसंग माझ्या हातून घडला आणि तो मला पुन्हा घडू द्यायचा नाही.

नवी भाषा कानांवर पडू लागली की अनेक मुले काही आठवडे, कधी काही महिने, नुसती ऐकत राहतात आणि नंतर एक दिवस बोलू लागतात, हे भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी नोंदवलेले आहे. जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात मांडलेली, आज्ञा ऐकून ती शरीराने पाळण्याची पद्धत याच विचारावर उभी आहे: आधी आकलन, बोलणे मागाहून. मीही बराचसा तास असाच घेते. परंतु माझी खरी शंका इथेच आहे. मौनाच्या या काळाविषयी मी जे वाचले, ते मुख्यतः दिवसभर नव्या भाषेत वावरणाऱ्या मुलांबद्दल आहे. आठवड्याला ५० मिनिटे ऐकणाऱ्या मुलाच्या बाबतीत ‘वाट पाहा’ हा सल्ला तितकाच खरा ठरतो का, की इतक्या थोड्या वेळात वाट पाहणे म्हणजे काहीच न करणे होते?

काही मौन माझ्यामुळेही आले असावे. सिग्नलच्या चित्रातील हिरव्या दिव्याला तीन मुलांनी ‘ब्लू’ म्हटले, तेव्हा मी लगेच चूक दुरुस्त केली. नंतर वर्गशिक्षिकांनी सांगितले की जपानीत हिरव्या सिग्नलला ‘आओ’, म्हणजे निळा, असेच म्हणतात. मुलांनी आपल्या भाषेतून अगदी योग्य शब्द आणला होता आणि तो चूक ठरवल्यावर त्यांतले एक मूल उरलेला तास गप्प बसले. उच्चारांच्या बाबतीतही मी आता सावध झाले आहे. आपले ‘घर’, ‘पान’, ‘वीट’ हे शब्द बोलताना व्यंजनावर संपतात, तर जपानी शब्दांच्या शेवटी स्वर किंवा ‘न’सारखा अनुनासिक ध्वनीच येतो, म्हणून ‘डॉग’चे ‘दोग्गु’ आणि ‘मिल्क’चे ‘मिरुकु’ होते. पूर्वी मी ते शब्द पुन्हा म्हणायला लावत असे. आता मी फक्त टाळी वाजवते: ‘दोग्गु’ला तीन टाळ्या, ‘डॉग’ला एक. न बोलणारी मुलेही टाळ्या अचूक वाजवतात, म्हणजे त्यांचा कान तयार होतो आहे, असे मला वाटते.

एक मुलगी मात्र मी या चर्चेतून वेगळी ठेवते आहे. ती शाळेत जपानीतही बोलत नाही, घरी मात्र भरपूर बोलते. तिच्याबाबत वर्गशिक्षिका आणि पालक तज्ज्ञांचा सल्ला घेत आहेत आणि खुल्या तासाला तिच्याकडून बोलण्याची अपेक्षा कोणीही करू नये, एवढे मी मुख्याध्यापिकांकडून मान्य करून घेतले आहे.

आता मला विचारायचे आहे ते असे. इतका कमी वेळ मिळणाऱ्या वर्गात न बोलणारी मुले पुढे आपणहून बोलू लागल्याचा अनुभव कोणाला आहे का, आणि त्याला साधारण किती काळ लागला? खुल्या तासात मुलांना एकेकटे उभे न करता, त्यांना काय समजते आहे ते पालकांना स्पष्ट दिसेल असा खेळ किंवा कृती कोणती ठेवता येईल? पालकांनाच इंग्रजी आज्ञा द्यायला सांगावे आणि मुलांनी त्या पाळाव्यात, असे माझ्या मनात आहे. पण आईवडिलांच्या उच्चारांमुळे किंवा संकोचामुळे मुले गोंधळतील का, याचा अंदाज मला येत नाही. तसेच, ‘तुमचे मूल बोलत नसले तरी शिकते आहे’ हे पालकांना पोकळ सांत्वन वाटणार नाही अशा रीतीने कसे सांगावे, हे कोणी अनुभवाने लिहिले तर मी फार आभारी राहीन.

तासाचा आराखडा मला पुढच्या शुक्रवारी मुख्याध्यापिकांकडे द्यायचा आहे. त्याआधी आलेले प्रत्येक उत्तर मी वाचेन, आणि वर्गाबद्दल आणखी काही माहिती हवी असल्यास जरूर विचारावे.